शास्त्रीय लेखनाचे मुक्त वितरण : परवान्याची निवड कशी करावी?

वैद्यवर्गात ज्ञानाची देवाणघेवाण नवी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे जे महत्त्व सांगितले आहे, त्याच भूमिकेतून संघटनांची अधिवेशने भरतात, चर्चासत्रे होतात आणि त्रैमासिके निघतात. मात्र लेख आता छापील अंकापुरता मर्यादित राहिलेला नाही. अंक हाती पडताच त्यातील पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून जालन्याहून परतूर-मंठ्याला आणि तेथून पुढे नांदेड-लातूरपर्यंत जातात. वाटेत कधी लेखकाचे नाव असलेले पान गळते, कधी केवळ मात्रेचा तक्ता फिरत राहतो, तर कधी तोच मजकूर एखाद्या शिकवणी वर्गाच्या टिपणवहीत दुसऱ्याच नावाने छापला जातो. दुसरीकडे, एखादा प्रामाणिक वैद्य तोच लेख आपल्या विद्यार्थ्यांसाठी रीतसर छापू इच्छितो आणि परवानगी कोणाकडे मागावी हे न कळल्याने थांबतो. अप्रामाणिकाला अडवणारे काही नाही आणि प्रामाणिकाला मोकळीक देणारेही काही नाही, अशी ही स्थिती आहे.

ती बदलण्याचे एक साधन म्हणजे लेख संकेतस्थळावर ठेवतानाच त्यासोबत मुक्त परवाना जाहीर करणे. असे परवाने अनेक आहेत व त्यांचे परिणाम भिन्न आहेत. त्यांपैकी आपल्या लेखनास कोणता मानवेल, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वामित्व कोणाचे?

परवाना देण्याचा अधिकार स्वामित्व असलेल्यासच असतो, म्हणून प्रथम स्वामित्वाचा विचार करणे भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेख लिहून पूर्ण होताच त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, वर्तुळातील 'सी'ची खूण छापावी लागत नाही. प्रती काढणे, प्रसिद्ध करणे, लोकांपर्यंत पोहोचवणे, भाषांतर करणे, रूपांतर करणे हे सर्व हक्क त्यात येतात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या प्रारंभापासून मोजून, ६० वर्षे ते टिकतात. खाजगी अभ्यास, समीक्षा, अध्यापन यांसाठी कलम ५२ ने काही मोकळीक ठेवली आहे. परंतु संपूर्ण लेख संकेतस्थळावर ठेवणे त्या मोकळिकीत बसते असे समजून चालू नये. थोडक्यात, लेखाखाली काहीच लिहिलेले नसेल तर कायद्याच्या दृष्टीने सर्व हक्क राखीव असतात. 'लिहिले नाही म्हणजे सर्वांना मोकळे' हा समज आपल्याकडे फार पसरला आहे व तो चुकीचा आहे.

त्रैमासिकाला विनामूल्य लेख पाठवला म्हणजे त्याचे स्वामित्व संघटनेकडे गेले, असेही नाही. पगारी संपादकाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर सोडला, तर लेखाचा हक्क लेखकाकडेच राहतो. लेखक दिवंगत असल्यास वारसांकडे. महाविद्यालयात किंवा शासकीय सेवेत असलेल्यांनी आपले लेखन सेवेच्या कामाचा भाग ठरते काय, हे नियुक्तीपत्रातून पाहून घ्यावे. तसे ठरत असल्यास हक्क संस्थेचा किंवा शासनाचा असू शकतो.

आता आपल्या शास्त्रातील ग्रंथांविषयी. संहिता कोणाच्याही मालकीच्या नाहीत, हे सर्वमान्य आहे. परंतु मूळ संहिता, तिची संपादित आवृत्ती आणि तिचे भाषांतर या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केलेली चक्रपाणिटीकेसह चरकसंहिता आपण नित्य वापरतो. आचार्यांचे निधन १९५६ साली झाले, म्हणजे त्यांच्या संपादनातील स्वतंत्र भागावरील हक्काची मुदत २०१६ अखेर संपली. याउलट आचार्य प्रियव्रत शर्मा यांचे निधन २००७ सालचे आहे. त्यांनी केलेला चरकसंहितेचा इंग्रजी अनुवाद २०६७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. चरकाचे सूत्र आपण मुक्तपणे छापू शकतो, त्याखालचा शर्माजींचा अनुवाद मात्र नाही. आपल्या मराठीतील 'आर्यभिषक्'चे कर्ते शंकर दाजीशास्त्री पदे १९०९ साली निवर्तले. त्यांचा ग्रंथ केव्हाच सर्वांसाठी खुला झाला आहे. मात्र आजच्या एखाद्या प्रकाशकाने त्यास जोडलेली नवी प्रस्तावना व टिपा खुल्या नाहीत. लेखात असे उतारे घेतले असतील तर आपण केवळ आपल्या मजकुरापुरताच परवाना देऊ शकतो. दुसऱ्याच्या पुस्तकातील तक्ता, वनस्पतीचे छायाचित्र किंवा आकृती आपल्या लेखात आहे एवढ्याने ती आपली होत नाही.

औषधनिर्मात्यांची एक रास्त शंका

फार्मसीचालक बंधूंना येथे प्रश्न पडेल की, लेख मुक्त केला तर त्यातील कल्पही मुक्त होतो काय? कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. घटकद्रव्ये, त्यांचे प्रमाण व निर्माणविधी ही माहिती म्हणून कोणाच्याही कॉपीराइटच्या कक्षेत येत नाही. ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द येतात. सबब लेखावर सर्व हक्क राखीव ठेवले तरी त्यातील पाठ वाचून दुसऱ्याने औषध बनवणे त्यामुळे थांबत नाही, आणि लेख मुक्त केल्याने कोणाला औषध बनवण्याचा परवानाही मिळत नाही. तो विषय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चा. पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांनुसार बनवलेले औषध कोणते आणि मालकी औषध कोणते, हे तेथे ठरते. (त्या परिशिष्टात 'आर्यभिषक्' आहे, हे मराठी वैद्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.)

मात्र एक सावधगिरी हवी. एखादा नवा योग किंवा नवी प्रक्रिया यांसाठी पेटंट घेण्याचा विचार असेल तर अर्जापूर्वी लेख प्रसिद्ध करू नये. प्रसिद्धीमुळे नावीन्य संपते, मग परवाना कोणताही असो.

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहिली तर आपल्या लेखनाचे मोल कळते. हळदीच्या चूर्णाचा व्रणरोपणासाठी उपयोग यावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. सादर केलेल्या ३२ संदर्भांत जुन्या संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. म्हणजे एका व्यावसायिक संघटनेच्या मासिकातील लेख चव्वेचाळीस वर्षांनी देशाच्या उपयोगी पडला. तो सापडला म्हणून उपयोगी पडला. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले; परंतु ते दीर्घकाळ पेटंट कार्यालयांपुरते मर्यादित राहिले व २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते इतरांसाठी खुले करण्यास मान्यता दिली. जिल्ह्याजिल्ह्यांतील वैद्यांचे अनुभव मात्र त्रैमासिकांच्या जुन्या अंकांतच आहेत, आणि तो कागद ठिसूळ होत चालला आहे.

परवान्यांचे प्रकार

मुक्त परवाना म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे. स्वामित्व लेखकाकडेच राहते. ठरावीक अटींवर कोणालाही, पुन्हा न विचारता, वापराची अनुमती आगाऊ दिलेली असते. हक्कच सोडून देण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे 'सीसी झीरो' नामक साधन त्याच हेतूचे आहे. तथापि शास्त्रीय लेखनात नावाचे महत्त्व असते. लेखकाचे नाव देण्याची अट सोडण्यात मला स्वारस्य दिसत नाही.

मुक्त मजकुरासाठी आरंभी जीएनयू संस्थेचा दस्तऐवज परवाना प्रचलित होता. तो संगणकप्रणालींच्या मार्गदर्शक पुस्तिकांसाठी रचलेला असल्याने प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा संपूर्ण मजकूर जोडावा लागतो. दोन पानी लेखाला अनेक पानांची पुरवणी! विकिपीडियाही या परवान्यावर चालत असे. २००९ साली तिने क्रिएटिव्ह कॉमन्सचा मार्ग धरला. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही हा बदल लागू झाला. आपण या जुन्या परवान्याचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली स्थापन झाली व तिचे पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात निघाले. भारतीय कायद्याशी जुळवलेली २.५ ही आवृत्ती २००७ च्या जानेवारीत मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मध्ये प्रकाशित झाली. २०१३ साली आलेली ४.० ही आवृत्ती सर्व देशांसाठी एकच आहे, त्यामुळे नव्या लेखनासाठी तीच घ्यावी. जुन्या संकेतस्थळांवर '२.५ इंडिया' असे दिसले तर गोंधळून जाऊ नये, तो परवाना आजही वैध आहे.

या परवान्यांत घटक चार. पहिला 'बाय', म्हणजे श्रेयनिर्देश, तो सर्व परवान्यांत आहे. दुसरा 'एसए', म्हणजे समवाटप : मजकुरात बदल करून नवे काही केले तर तेही त्याच परवान्याखाली द्यावे. तिसरा 'एनसी', म्हणजे व्यापारी वापरास मनाई. चौथा 'एनडी', म्हणजे बदललेली प्रत वितरित करण्यास मनाई. यांच्या मेळातून सहा परवाने होतात. वैद्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही की, मूळ द्रव्य एकच असले तरी अनुपान बदलले की कार्य बदलते.

व्यापारास मनाई करावी काय?

बहुतेक लेखकांचा पहिला कल 'एनसी'कडे असतो. 'मी फुकट लिहिले, दुसऱ्याने त्यावर पैसे का मिळवावेत?' ही भावना स्वाभाविक आहे. आयुर्वेदातील मान्यवर नियतकालिकांनीही हीच वाट धरलेली दिसते. जामनगरहून निघणाऱ्या 'आयु' या नियतकालिकातील अनेक लेखांवर बाय-एनसी-एसए परवाना आहे, तर डॉ. भूषण पटवर्धन यांनी २०१० साली सुरू केलेल्या 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन'मधील लेखांवर बाय-एनसी-एनडी हा सर्वांत कडक परवाना आढळतो. यामागे प्रकाशनसंस्थांची व्यापारी गणिते असतात. पुनर्मुद्रणाचे उत्पन्न त्यांना राखायचे असते. जिल्हा पातळीवरील संघटनेच्या त्रैमासिकास असे कोणते उत्पन्न राखायचे आहे?

आपल्या वाचकांत फार्मसीचालक आहेत, हे येथे विसरता येत नाही. अंबडच्या एखाद्या निर्मात्याने पंचकर्मावरील चांगला लेख पुस्तिकेत छापून ५०० वैद्यांना पोहोचवायचे ठरवले, तर तो व्यापारी वापर झाला काय? पुस्तिका विनामूल्य आहे, पण तिच्या मलपृष्ठावर त्याच्या तेलाची जाहिरात आहे. 'एनसी' परवान्याची व्याख्या 'मुख्यत्वे व्यापारी लाभाच्या हेतूने' अशी आहे, आणि मुख्य हेतू कोणता यावर दोन वकील दोन मते देतील. परिणाम असा की, सचोटीचा निर्माता भिऊन लेख छापत नाही; ज्यास पर्वा नाही तो कालही छापत होता, उद्याही छापेल. शुल्क घेणारे खाजगी महाविद्यालय, दक्षिणा घेऊन चालणारी कार्यशाळा, किंमत असलेली स्मरणिका, या सर्वांबाबत हीच साशंकता राहते. ज्ञान पोहोचवण्याचे जे नैसर्गिक मार्ग आपल्याकडे आहेत त्यांपैकी बहुतेकांत कोठेतरी पैशाचा स्पर्श असतो.

आणि निर्मात्याने लेख छापला म्हणून लेखकाने त्याच्या औषधाची शिफारस केली, असा अर्थ होत नाही. लेखकाचा पाठिंबा आहे असे भासवण्यास परवान्यातच मनाई आहे, आणि व्यापारचिन्हे या परवान्यांच्या कक्षेबाहेर आहेत. जालनेकरांना याचा दाखला घरचाच देता येईल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने शेतकऱ्यास संरक्षित वाणाचे बी राखणे, पेरणे, देणेघेणे आणि विकणेही मोकळे ठेवले आहे. बंदी एवढीच की, त्या वाणाच्या नावाच्या वेष्टनात घालून ते विकू नये. बी मोकळे, पिशवीवरचे नाव राखीव. लेखाचेही असेच. मजकूर कोणीही छापावा. संघटनेचे बोधचिन्ह किंवा वैद्याचे नाव प्रशस्तिपत्रासारखे वापरू नये. शिवाय परवाना इतर कायदे बाजूला सारत नाही. मधुमेहावरील मुक्त लेख घेऊन कोणी रोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत केला, तर औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ आपले काम करतोच.

'एनसी'चा आणखी एक तोटा असा की, अशा परवान्याचा मजकूर विकिपीडिया व विकिस्रोत घेत नाहीत. गोव्याचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. गोवा विद्यापीठाने तयार केलेला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली विद्यापीठाने बाय-एसए ३.० परवान्याखाली खुला केला, आणि तेव्हा उभारणीत असलेल्या कोंकणी विकिपीडियासाठी ते साहित्य उपलब्ध झाले. विद्यापीठाने 'एनसी' निवडले असते तर तो मार्ग बंद राहिला असता. मराठीत वनौषधी व कल्पांविषयी शोध घेणाऱ्या सामान्य वाचकास जे सापडते त्याची अवस्था आपण जाणतोच. तेथे वैद्यांचे लेखन पोहोचावे असे वाटत असेल तर दार उघडे ठेवावे लागेल.

बदलास मनाई करावी काय?

'एनडी'चा मोह अधिक सबळ आहे, कारण त्यामागे रुग्णहिताची चिंता आहे. रसकल्पाची मात्रा गुंजेत दिलेली असते. गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. पुनर्लेखनात 'गुंज'चा 'ग्रॅम' झाला तर मात्रा आठपट होते, आणि वत्सनाभयुक्त कल्पाबाबत असे घडले तर काय होईल हे सांगायला नको. मग बदलास मनाईच का करू नये?

कारण मनाईने ही चूक टळत नाही. चूक करणारा परवाना वाचून चूक करीत नाही. टळते ते भाषांतर. बदललेल्या मजकुराच्या वितरणास मनाई म्हणजे हिंदी, कन्नड, तेलुगू अनुवादास मनाई, सोप्या मराठीत रुग्णपत्रक करण्यास मनाई, तीन लेखांतील भाग घेऊन विद्यार्थ्यांसाठी एक सलग टिपण रचण्यासही मनाई. इतकेच नव्हे, तर कालांतराने लेखक हयात नसताना मूळ लेखातील चूक दुरुस्त करून तो पुन्हा प्रसिद्ध करणेही अडचणीचे होते. मात्रेच्या बाबतीत ही अडचण मुळातील भीतीइतकीच गंभीर आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न कसा सोडवला? अग्निवेशाच्या तंत्रावर चरकाने प्रतिसंस्कार केला. पुढे दृढबलाने चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी या स्थानांतील प्रत्येकी १२, असे एकूण ४१ अध्याय पूर्ण केले. १२० अध्यायांच्या ग्रंथात हा भाग तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे. अध्यायांच्या अखेरच्या पुष्पिकांत तंत्रकर्ता कोण, प्रतिसंस्कर्ता कोण, आणि पूर्ती कोणी केली याची नोंद आहे. मूळ कर्त्याचे नाव राखणे, बदल झाला हे सांगणे, कोणी केला ते सांगणे, आणि परिणत ग्रंथ पुन्हा सर्वांच्या हाती देणे ही रीत म्हणजे जवळजवळ आजचा बाय-एसए परवाना. त्यातही बदल केल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे. 'एनडी'ची अट तेव्हा असती तर दृढबलाची लेखणी थांबली असती आणि आपल्या हाती खंडित चरक आला असता.

विपर्यासाविरुद्ध लेखक अगदीच निराधारही राहत नाही. लेखनाचा असा विपर्यास की ज्याने लेखकाच्या प्रतिष्ठेस बाध येतो, त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलम ५७ ने स्वतंत्रपणे दिला आहे. परवान्याची अट मोडणाऱ्याची अनुमतीही आपोआप संपते, ४.० आवृत्तीत, उल्लंघन कळल्यापासून ३० दिवसांत त्याने सुधारणा केली तर ती पुन्हा मिळते.

मग निवड कोणती?

अभ्यासलेख, भाषांतरे, वनौषधी-परिचय, चर्चासत्रांतील निबंध यांसाठी बाय-एसए ४.० ही माझी शिफारस आहे. साध्या 'बाय'पेक्षा 'एसए' का, तर शिकवणी वर्गांसाठी. आपला लेख घेऊन, वाढवून, कोणी टिपणे विकली तरी हरकत नाही. परंतु ती टिपणेही त्याच परवान्याखाली राहतात, म्हणजे विद्यार्थी ती पुढे मोकळेपणाने देऊ शकतो. घेतलेले परत खुले ठेवावे लागते. याची किंमतही सांगितली पाहिजे : फार्मसीने खर्च करून लेखाचा हिंदी अनुवाद करवून घेतला तर तो अनुवाद प्रतिस्पर्धी फार्मसीही छापू शकेल. मात्र लेख जसाच्या तसा आपल्या औषधसूचीत छापला तर संपूर्ण सूची मुक्त होत नाही, लेख तेवढा मुक्त राहतो. ही भीती अनेक निर्मात्यांना वाटते, ती अनाठायी आहे.

सर्वच लेखन मुक्त करावे असे मात्र मी म्हणणार नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. संकेतस्थळावरून लेख काढला तरी ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांचा अधिकार कायम राहतो. ज्या वैद्याचा पाठ्यपुस्तक लिहिण्याचा विचार आहे आणि प्रकाशक संपूर्ण हक्क मागणार आहे, त्याने त्या पुस्तकातील प्रकरणे आधी मुक्त करू नयेत. मानधन हा त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला आहे. संघटनेचे ठराव, अधिकृत निवेदने यांत बदल होणे गैर असल्याने त्यांना बाय-एनडी शोभते.

रुग्णवृत्तांताचा विचार वेगळा. परवाना कॉपीराइटपुरता असतो, रुग्णाच्या खाजगीपणावर तो लागू होत नाही. रुग्णाने आपल्या चिकित्सालयात छायाचित्र काढू दिले म्हणजे ते जगभर, कोणालाही, कायमचे वापरू दिले असे नव्हे. त्यासाठी त्याची स्वतंत्र लेखी संमती, त्यास समजेल अशा भाषेत, हवी. ती नसल्यास छायाचित्र वगळावे आणि गावाचे नाव, वय, व्यवसाय यांवरून ओळख पटणार नाही अशी काळजी घ्यावी. लहान गावात 'बदनापूर तालुक्यातील ५२ वर्षांचे शिक्षक' एवढे वर्णनही पुरेसे होते.

अन्य मुक्त लेखांतून घेतलेल्या मजकुराबाबतही पथ्य आहे. 'आयु'मधील बाय-एनसी-एसए लेखाचा आपण मराठी अनुवाद केला, तर तो अनुवाद त्याच परवान्याखाली द्यावा लागेल; त्यावर बाय-एसए लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन्हींत 'एसए' असले तरी ते परस्परांत मिसळत नाहीत. विरुद्धाहाराप्रमाणे प्रत्येक पदार्थ निर्दोष असूनही संयोग वर्ज्य, असा हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष कार्यवाही

संघटनेने लेखकाकडून एक अनुमतिपत्र घ्यावे. कलम ३० नुसार परवाना लेखी हवा, आणि कलम १९ मधील नियम परवान्यांनाही लागू होतात. या नियमांतील एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते : पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो. 'माझा लेख संकेतस्थळावर ठेवण्यास हरकत नाही' एवढेच लिहून घेतले तर पाच वर्षांनी लेख उतरवावा लागेल, आणि परदेशातील वाचकाबाबत पहिल्याच दिवसापासून प्रश्न निर्माण होईल. यास्तव पत्रात 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी' हे शब्द असावेत, परवान्याचे पूर्ण नाव व आवृत्ती असावी, आणि लेखातील कोणता भाग दुसऱ्याचा आहे ते लेखकाने लिहून द्यावे. लेखक एकाहून अधिक असतील तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

लेखाच्या पहिल्या पानावर, तळाशी, पुढील आशयाची ओळ पुरेशी होते : 'स्वामित्व लेखकाचे. हा लेख क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवाटप ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहे. तक्ता क्र. २ व छायाचित्रे यांस हा परवाना लागू नाही.' त्यापुढे परवान्याच्या पानाचा संकेतस्थळपत्ता द्यावा. ही ओळ प्रत्येक पानाच्या तळटिपेत लेखकाच्या नावासह आली तर अधिक चांगले, कारण छायाचित्रे पानापानाने फिरतात. मुखपृष्ठाच्या आत छापलेली सूचना फिरत नाही.

जुन्या अंकांचे काम अधिक वेळखाऊ आहे. हयात लेखकांना पत्रे पाठवावीत. दिवंगतांच्या बाबतीत सर्व वारसांची संमती लागते, एकट्या ज्येष्ठ पुत्राची पुरत नाही. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचा लेख पूर्ण न देता त्याचे शीर्षक, लेखक, अंक व वर्ष यांची सूची द्यावी आणि लेखातील माहितीचा सारांश आपल्या शब्दांत लिहावा. माहितीवर कोणाचा हक्क नसल्याने तसे करता येते. सूची पाहून एखादा नातू स्वतःच संपर्क साधतो, तेव्हा त्याच्यापुढे ठेवण्यासाठी अनुमतिपत्राचा नमुना मराठीत छापून तयार असावा.

मात्रेचा किंवा विधीचा उल्लेख असलेल्या लेखांवर दिनांक व आवृत्तिक्रमांक घालावा. दुरुस्ती झाल्यास जुनी प्रत काढून न टाकता तिच्यावर 'सुधारित आवृत्ती पाहावी' असे लिहून, काय बदलले ते एका ओळीत नमूद करावे.